नऊ नंबर

सोहारच्या कॉलेजची बस मी अकरा वर्षं चालवतोय.
लीगमध्ये सहा संघ. पाचांशी आमचं वैर,
सहावे आम्ही; आमचं आमच्याशीच जास्त.

कोच फळ्यावर बाण काढतो.
मी पोरं बसच्या पायऱ्या कशी उतरतात ते बघतो.
निम्मी मॅच तिथंच कळते.
हे शिकलो कोल्हापुरात, पेठेच्या मॅचला
भिंतीवर बसून, पाय खाली सोडून.
हरलं की आठवडाभर
त्यांच्या गल्लीतून सायकल न्यायची सोय नसायची.

शिनास.
मच्छीमारांची पोरं, वाळूत खेळून वाढलेली.
गवतावर आली की पायाखाली
फुकटचा वेग सापडल्यासारखी सुटतात.
पण पहिली पंचवीस मिनिटं. मग ओहोटी.
तेवढं तग धरायचं, बस्स.

रुस्ताकची पोरं उंच.
गावात गरम पाण्याचा झरा आहे, डोकी मात्र थंड,
आणि सगळे गोल त्या डोक्यांनीच.
यांना कॉर्नर देऊ नये.
आम्ही मागच्या मॅचला अकरा दिले.

इब्री डोंगरापल्याड.
पोचल्या पोचल्या खजूर, मग काव्हा.
फिंजान हलवून दाखवल्याशिवाय ओतणारा थांबत नाही
आणि आमच्या पोरांना 'पुरे' म्हणायची लाज.
जड पोटानं मैदानात उतरतात.
कोचला वाटतं इब्रीचा बचाव भक्कम आहे.
बचाव किटलीत आहे.

मुसन्नाबद्दल काही नाही.
एकदा त्यांच्या बसचं टायर गेलं, जॅक मी दिला.
त्यानंतर वैर नीट जमलं नाही.

सहम.
यांच्याबद्दल मी चांगलं बोलणार नाही.
तीन वर्षांपूर्वी, नव्वदावं मिनिट,
त्यांचा नऊ नंबर, तलाल,
आमच्या शाहदादच्या दोन पायांमधून.
शाहदाद तेव्हा पहिल्या वर्षाला, मिशी नुकती फुटलेली.
वर हा तलाल आमच्या बसपुढं येऊन नाचला,
अगदी माझ्या काचेसमोर.
मी वायपर चालू केला.
दुसरं काय करणार होतो?

आणि आम्ही?
मधली फळी म्हणजे उघडं दार,
पाहुण्याला चप्पलसुद्धा काढावी लागत नाही.
पण शाहदाद बलुशी आहे.
हरल्यावर तो माझ्या मागच्या सीटवर बसतो,
झोपत नाही, एवढंच म्हणतो,
"सदीक, एसी कमी कर."

रात्री बायको फोनवर विचारते, कोण जिंकलं?
ती पलीकडच्या पेठेची.
लग्नात तिच्या भावांनी माझ्यासाठी फेटा आणला
तो मुद्दाम त्यांच्या संघाच्या रंगाचा.
मी बांधला. फोटोत दिसतो.

जूनमध्ये ऑफिसनं कागद दिला:
ड्रायव्हरची जागा आता इथल्याच माणसाला.
बरोबर आहे, त्यांचा देश, त्यांची पोरं.
तीन आठवडे त्याला शिकवायचं, मग माझं विमान.
शनिवारी सकाळी बसच्या दारात पांढऱ्या दिशदाशात
तलाल उभा.
तीन वर्षं नोकरी शोधत होता म्हणाला.
पायरी चढला ती सावकाश,
दांड्याला धरून, पाहुण्यासारखा.

माझं निदान असं:
ब्रेक उशिरा मारतो.
गोल चक्राला धीर नाही, फट दिसली की घुसतो,
ती सवय जाणार नाही.
आरशात मात्र बघतो. रिव्हर्स माझ्यापेक्षा सरळ.

सांगितलं त्याला: जॅक मागच्या सीटखाली.
इब्रीला फिंजान आधी तू हलव,
मग पोरांना धीर येईल.
शाहदाद दुसऱ्या रांगेत, खिडकीशी;
हरल्यावर एसी दोनवर,
त्याला विचारायला लावू नकोस.
तो मान खाली घालून ऐकत होता.

शेवटी वायपरचा खटका दाखवला.
कोरड्या काचेवर कुरकुरत पातं एकदा गेलं, आलं.
तो हसला. त्याला आठवत होतं.

पाऊस इथं वर्षातून दोनदा, मी म्हटलं,
तरी तपासत जा.